रबर आटतं, साहेब

ये, इकडे ये गं, अशी जवळ बस. चहा नंतर, आधी बोलणी खा. परवा बारशाच्या पंगतीत सगळ्यांसमोर काय म्हणालीस? "बिझनेसची डिग्री कशाला हवी? माझ्या आत्याने चौथी शिकून अख्खा कारखाना चालवला!" बायका माना डोलावत होत्या आणि मी हातातला घास पानात ठेवला. अगं, माझं उदाहरण देण्याआधी मला विचारायचं तरी! कारखाना चालवला हे खरं. पण त्याचं मला काय मिळालं, ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा आम्ही कासारवाडीला राहायचो आणि मी भोसरीला कामाला चालत जायची. कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड. स्कूटर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला आम्ही रबरी बुश पुरवायचो. बुश म्हणजे अंगठीपेक्षा जरा मोठं रबराचं कडं, लोखंडी नळीत घट्ट बसायला हवं. साच्यातून निघताना त्याच्या कडेला रबराची झालर राहते. ती कात्रीने छाटायला आम्ही चौदा बायका होतो. छाटायचं, मोजायचं, खोक्यात भरायचं. मालाबरोबर जाणाऱ्या चलनाच्या कागदावरचं इंग्रजी वाचत वाचत मी एबीसीडी शिकले. जुने सुपरवायझर गाव सोडून गेले आणि त्यांचं सगळं काम माझ्या अंगावर आलं. कुणाला कुठलं काम द्यायचं, टेम्पो कधी भरायचा, सगळं मी बघायची. दोन वर्षं! मालक म्हणायचे, "बाई, ती जागा तुमचीच आहे, जरा थांबा." मी थांबले. मूर्ख होते.

मग एक दिवस नवे साहेब आले. तरुण, टेरिलिनचा शर्ट, बिझनेस मॅनेजमेंटची डिग्री. पहिल्याच दिवशी ते आमच्या टेबलापाशी थांबले.

"मावशी, हा एवढा माल इथे का पडून आहे?"

"मुरतोय, साहेब."

बायका फिस्सकन हसल्या.

"लोणचं आहे का?"

"लोणचंच समजा. साच्यातून निघालेलं रबर गरम असतं, तेव्हा मापात दिसतं. रात्रभरात ते आटतं, नव्या कापडासारखं. म्हणून उद्या मोजायचं आणि मग पाठवायचं."

"हे कुठे लिहिलंय?"

आता काय सांगू? साच्यात रबर दाबणाऱ्या प्रेसवरच्या चाचांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "बहन, गरम रबर झूठ बोलतं." पुढे सहा वर्षं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चाचांना सहीसुद्धा येत नव्हती, ते कुठे लिहिणार?

साहेब म्हणाले, "पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेलं भांडवल. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. आजपासून आजचा माल आज गेला पाहिजे."

मी मराठीत चिठ्ठी लिहून दिली, की असं केलं तर माल परत येईल. त्यांनी न वाचता ती परत दिली. "सूचना इंग्रजीत, टाइप करून द्यायची."

टेबलाशी माझ्या शेजारी बसणारी बाई चिखली गावची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. ती म्हणाली, "कशाला डोकं फोडती? त्यो म्हनंल तसं करायचं. जबाबदारी त्याची हाय."

"आणि शिव्या कुणाला?"

"शिव्या व्हय? त्या आपल्यालाच. त्यात नवं काय न्हाई."

चार दिवस शेड रिकामी, स्वच्छ दिसली. मालकांनी साहेबांची पाठ थोपटली. पाचव्या दिवशी टेम्पो परत आला. सगळा माल रिजेक्ट, खोक्याखोक्यावर लाल रंगाचा पट्टा ओढलेला.

केबिनमध्ये मला बोलावलं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "पॅकिंगच्या बायकांनी माप नीट घेतलं नाही."

माझं डोकंच फिरलं. प्रेसवर जाऊन एक गरम बुश फडक्यात धरून आणलं आणि मालकांच्या टेबलावरच्या नमुन्याच्या नळीत बसवलं. घट्ट! मग परत आलेल्या खोक्यातलं एक घातलं. ते बोटाने गोल फिरत होतं. मालक स्वतः लेथवर हात काळे करून वर आलेले, कॉलेजचं तोंड न पाहिलेले. एका नजरेत समजले. मी मनात म्हटलं, आज माझी जागा मला मिळाली.

साहेबांना बाहेर पाठवून मालक म्हणाले, "बाई, तुमचं शंभर टक्के खरं. पण मोठ्या कंपनीचे ऑफिसर येतात. त्यांच्यापुढे मी तुम्हाला कसं उभं करू? तिथे डिग्रीवालाच लागतो."

"तुम्ही उभे राहता की, मालक. तुमची कुठली डिग्री?"

ते हसले. "माझं वेगळं आहे."

काय वेगळं होतं? शेड त्यांची होती आणि ते पुरुष होते, एवढंच!

पुढच्या आठवड्यात इंग्रजीत टाइप केलेला कागद आला, की तयार माल एक दिवस ठेवूनच मोजावा. खाली साहेबांची सही. माझं वाक्य, चाचांचं ज्ञान, आणि सही त्यांची. तो भिंतीला चिकटवायला खळ कुणी शिजवली? मी. कागद कुणी लावला? मीच. घरी पगाराची वाट बघणारी तोंडं होती. त्या साहेबांचा राग आता थोडा निवला, पण खळ लावणाऱ्या माझ्या हातांचा अजून येतो.

त्यांच्यानंतर आणखी दोघे आले, दोघेही डिग्रीवाले. दोघांनाही मी शिकवलं. दुसरा बरा होता, वही घेऊन टेबलाशी बसायचा, अडलं की विचारायचा. पण जागा त्याची. मी काम सोडलं तेव्हाही माझ्या कार्डावर 'हेल्पर' असंच होतं.

तेव्हा आता मला विचार, डिग्री लागते का? काम करायला नाही लागत. वर चढायला मात्र मागतात, निदान आपल्यासारख्यांकडे, ज्यांच्या मालकीची शेड नाही. ही लबाडी आहे, आणि लबाडी आहे म्हणूनच मी ओरडतेय. माझ्यासारखीचं कौतुक करून तू घरी बसलीस, तर फायदा त्यांचाच आहे. त्या डिग्रीचा अर्ज भर. भांडून भर, तुझा बाप नाही म्हणाला तर माझ्याकडे पाठव त्याला. आणि उद्या त्या जागेवर बसलीस की आधी छाटणीच्या टेबलापाशी जा, तिथल्या बाईला विचार, आणि सांगितलेलं तिच्या नावाने लिही.

निघतेस? बरं, जा. पण लवकर ये गं. गुरुवारी ये, कारखान्यांना सुट्टी असते, चिखलीची बाईही घरी सापडेल, या वयातही ती छाटणीला जाते. दोघी मिळून जाऊ तिच्याकडे.