पत्रकातून खोडलेली ओळ

“मशीन कुठंय?” स्ट्रेचर आत येण्याआधीच शमीमखालांनी विचारलं. हातात चार घड्या घातलेलं पत्रक होतं. मी लिहिलेलं.

मी नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलात हायपरबेरिक चेंबरची टेक्निशियन आहे. चेंबर म्हणजे माणूस झोपेल एवढी बंद नळी. आत दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन देतात. तो रक्तातून जखमेपर्यंत जास्त पोचतो.

स्ट्रेचरवर खालांचे नवरे होते. रहीमचाचा, लातूरचे शिंपी. शुगर जुनी. तळव्यात सुई घुसली आणि मांस कुजवणारा संसर्ग पोटरीपर्यंत चढला होता.

“लातूरचे डॉक्टर कालच म्हणले, सडलेलं कापून काढावं लागंल,” खाला म्हणाल्या. “आम्ही म्हणलं, न्हाई. ह्यात लिव्हलंय ना, मशीननं जखम भरते!”

आमच्या सर्जन सरांनी पत्रक वाचलं.

“हे कोणी लिहिलं?”

“मी, सर.”

“आधी ऑपरेशन, ही ओळ कुठाय?”

“जागा नव्हती.”

“मशीनच्या एवढ्या मोठ्या फोटोला होती?”

जागा होती. मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. पत्रकात पण-परंतु नको, लोक तिथंच वाचायचं थांबवतात, हा त्यांचा नियम. हा उपचार फक्त पैसेवाल्यांनाच का माहीत असावा, या रागानं मी ते लिहिलं आणि लातूरच्या बसस्टँडवर स्वतः वाटलं. ‘आधी शस्त्रक्रिया आणि औषधं, ऑक्सिजन जोडीला’ ही ओळ कच्च्या मजकुरात होती. लोक घाबरतील म्हणून मीच खोडली.

सरांनी लगेच ऑपरेशनला घेतलं. कालच केलं असतं तर कदाचित फक्त सडलेलं मांस गेलं असतं. आता पाय गुडघ्याच्या वरून गेला.

चेंबरची पाळी त्यानंतर आली. ऑक्सिजनमध्ये ठिणगी चालत नाही आणि नायलॉनच्या कपड्यांतून ती उडू शकते, म्हणून आत सुती गाऊनच घालतात. चाचांनी शिवण चाचपली.

“कच्ची हाय. कुणी शिवला?” मग कापलेल्या पायाकडं बघून म्हणाले, “चला, पँटीचं कापड वाचलं.”

खाला तोंड फिरवून रडल्या.

जखम भरली. घरी जायच्या दिवशी मी नवं पत्रक चाचांना दिलं. ती ओळ सगळ्यात वर, ठळक.

त्यांनी दोनदा वाचलं. “हे आधी का न्हाई लिव्हलं, बेटी?”

“लिहिलं होतं, चाचा. मीच खोडलं.”

त्यांनी पत्रक मला परत दिलं. “मला काय करायचंय आता? स्टँडवर लोकांना वाट.”

सुट्टीच्या दिवशी लातूरला जाऊन वाटलं. पण जुनी पत्रकं परत गोळा करता येत नाहीत. अजून कुणाच्या तरी खिशात एखादं असेल, चार घड्या घालून जपलेलं.