हौसाकाकीची ओ

हौसाकाकीला हाक मारायची कधी गरजच पडायची नाही. दारात उभं राहून आपण तोंड उघडायच्या आत आतून आवाज यायचा, "ओऽ, आले!" मी पहिल्यांदा तिच्याकडे विरजण मागायला गेले, तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून परसदारी उभी होती. तिथून चार ढांगांवर कुकडी नदीचं पाणी. "ओ," ती म्हणाली आणि पाण्याकडेच बघत राहिली. मग सावकाश वळली.

"तू व्हय? बस. डिंगोऱ्यावरनं आलेली ती तुमीच ना?"

आम्ही नुकतेच तिच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो. बारावीनंतर मला नारायणगावला कॉलेजात जायचं होतं, आणि वडिलांना तिथल्याच भाजीबाजारात हमालीचं काम मिळालं होतं. येडगावच्या धरणाचं पाणी जिथवर मागे फुगतं, त्या काठावरचं हे गाव. पहाटेच्या एसटीनं माणसं नारायणगावला जायची, तिच्यामागून चाकणची कंपनीची गाडी यायची. दोन्ही गेल्या की गाव ओस पडायचं. दारांना कड्या, वळणीवरचे कपडे, एखादं कुत्रं. भर दिवसा आळीत आपल्याच चपलांचा आवाज मागून यायचा आणि मान वळवावीशी वाटायची. पाण्यावरून आवाजही विचित्र यायचे. पल्याडच्या काठावर कुणी खोकलं तर आपल्या अंगणात खोकल्यासारखं वाटायचं.

म्हणूनच असेल, त्या गावात एक रीत फार कडक पाळायचे. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत पहिल्या हाकेला कुणी ओ द्यायचं नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच बोलायचं. बाहेरचं जे असतं ते दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक माणसाचीच, असं म्हणत. पहाटे आळीत हाका सुरू व्हायच्या. एक हाक, मग शांतता. दुसरी, पुन्हा शांतता. घरात जागं असलेलं माणूस श्वास धरून तिसरीची वाट बघत असायचं.

मलाही कॉलेजच्या गाडीसाठी हौसाकाकीच उठवायची. आमच्याकडे गजराचं घड्याळ नव्हतं. तिनं मला पहिल्या आठवड्यातच नाव ठेवलं होतं. खिडकीपाशी येऊन ती रीतीप्रमाणे तीनदा ओरडायची, "मास्तरणेऽ! मास्तरणेऽ! अगं मास्तरणे, ऊठ, तुझ्या पोरास्नी सुट्टी द्यायची का काय आज?" माझ्या घरात तोवर कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी मास्तरीण होईन हे माझ्याआधी ती धरून चालली होती. तिनं उठवलं नसतं तर माझं शिक्षण त्या गाडीपाशीच थांबलं असतं, हे मी आजही मानते.

स्वतः ती मात्र पहिल्याच हाकेला ओ द्यायची. कातरवेळी द्यायची, धुक्यात द्यायची. कुणी हाक मारली नसली तरी पाण्याकडे तोंड करून द्यायची. बायका दबकून सांगायच्या, "काकी, असं करू न्हाई. एखाद दिवशी घेऊन जाईल."

"जाऊ दे की. न्यायला आला तर भाकरी खाऊन जा म्हणीन. उपाशीच गेलाय त्यो."

कंडक्टर तिची थट्टा करायचा. "काकी, आमच्या गाडीला हाक मारा. लई दिवस इंजिन ओ देत न्हाई."

"इंजिनानं ओ दिली तर तूच उतरून पळशील, भाऊ," ती म्हणायची.

उपाशी कोण गेला, ते तिनं मला वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. तिचा नवरा. काठावर त्यांची पाण्याची मोटर होती. धरणाचं पाणी मागं सरलं की पाइप पुढे सरकवावा लागे. लाइट जायच्या आत काम उरकावं म्हणून तो दिवस मावळताना एकटाच पाण्यात उतरला.

"मी भाकरी थापत व्हते. त्यानं हाक मारली, 'हौसेऽ.' घाईची न्हाई, भ्यालेली न्हाई. मीठ मागावं तशी. तिन्हीसांज झालेली. सासूबाईंनी शिकवलं व्हतं, म्हून गप बसले. दुसरी आली, 'हौसेऽ.' मी तवा उतरवला, हात धुतले, तिसरीची वाट बघत उभी राह्यले." तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "गाळात पाय रुतला व्हता त्याचा. मोटर चालूच. आमच्या वाफ्यात पाणी येत व्हतं, मास्तरणे, आन मी रीत पाळीत व्हते."

ती शेंग सोलून तिनं दाणे बाजूला टाकले आणि म्हणाली, "अजून येत्यात दोन हाका. मी ओ देते. पर पोचत न्हाई. धुकं आडवं येतंय, का माझाच आवाज बसलाय, कुणाला ठाव. पोचली असती तर त्यो थांबला असता ना?"

मला ते मनाचे खेळ वाटले. पुस्तकं वाचत होते मी. मग एकदा शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला निघाले, तेव्हा काकी बॅटरी घेऊन फाट्यापर्यंत आली होती. धुकं इतकं की ड्रायव्हरला आम्ही दिसलोच नाही. गाडी पुढे गेली. मी जीव खाऊन ओरडले, "थांबाऽ!" गाडी थांबली, आणि पल्याडच्या काठावर कुत्री भुंकायला लागली. काकीनं माझ्या तोंडावर बॅटरी धरली. "तुझा आवाज पल्याड जातोय गं," ती हळूच म्हणाली.

मी पदवीधर झाले, मंचरजवळच्या शाळेत लागले. पेढे घेऊन गेले तर काकीनं पहिला पेढा पाण्यात सोडला. पुढे काही वर्षांनी आईचा निरोप आला की काकीनं अंथरूण धरलंय. मी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. काकीचं खाटलं परसदाराशी होतं, दार उघडं. आवाज पार गेला होता. नुसते ओठ हलत. मी हात धरला तर तिनं घट्ट पकडला. आई कंदिलाची काच पुसत होती.

"हौसेऽ."

घाईची नाही, भ्यालेली नाही. आईचा हात काचेवरच थांबला. तिनंही ऐकलं होतं. पल्याडच्या काठावरचं कुणी असेल, मी स्वतःला सांगितलं. काकीचे ओठ उघडले, मानेच्या शिरा ताणल्या, पण आवाज फुटला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

"हौसेऽ."

"नंदे, गप! वरडू नको," आई कुजबुजली आणि माझ्या तोंडाकडे हात आणला.

तिसरीची वाट बघायला हवी होती. पण काकीचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी आईचा हात बाजूला केला, दारात गेले आणि जीव खाऊन ओरडले, "ओऽ! आलीऽ! हौसाकाकी आलीऽ!"

पल्याड कुत्री भुंकली आणि गप्प झाली. नंतर पाण्यावर एवढी शांतता पसरली की काठाला लागणारं पाणीसुद्धा ऐकू येईना. तिसरी हाक आली नाही. मी वळले, तोवर काकी गेली होती. तोंड पाण्याकडे होतं, आणि चेहरा दाराशी पाहुणा आल्यावर होतो तसा.

आईनं मला बरेच दिवस ताईत बांधायला लावला. मला काही झालं नाही. मी शाळेत शिकवते, वर्गातल्या मुलींना सांगते की कुणी बोलावलं तर आधी ओ द्या, रीत-बीत मागून बघू.

परवा संध्याकाळी शाळा सुटताना वह्या तपासत होते. "ओ," म्हणून मी वर बघितलं. दारात एक मुलगी उभी होती.

"मॅडम, मी अजून हाकच मारली न्हवती," ती हसून म्हणाली.

मीही हसले. शाळेत मला सगळे मॅडमच म्हणतात. पण मी ऐकलं होतं ते खिडकीकडून, शाळेमागच्या नदीच्या बाजूनं आलं होतं, आणि कुणीतरी म्हणालं होतं, "मास्तरणेऽ."