गवतात आधी शिरणारी राहेलबाय

गंगूआक्काचं नाव आधी लिहिते. खर्डीजवळच्या आमच्या पाड्यावर डोंगराच्या उताराला, गवताच्या माळाला लागून, तिची वरकस जमीन आहे, नाचणी-वरईपुरती. त्यातली एका माणसापुरती माती तिनं दिली. कुणाला विचारून दिली नाही, पुरुष नको म्हणत असताना दिली. ती नसती तर काय झालं असतं, हे इथं सासरी भुसावळला भाकरी थापताना मधेच मनात येतं आणि हात थांबतो.

ती माती राहेलबायसाठी होती. राहेलबाय म्हणजे गवत कापणाऱ्या आम्हा बायांची मुकादमीण. कार्तिकात ती हिवतापानं गेली, त्याला आता दीड-दोन महिने झाले. ती ख्रिस्ती, आम्ही सगळ्या कुणब्यांच्या. मी दिवाळीला माहेरी आले होते आणि मुलगी तापली म्हणून राहिले होते, म्हणून शेवटची भेट झाली. स्टेशनामागच्या तिच्या खोपटात ती घोंगडीखाली कुडकुडत पडली होती. मला बघून म्हणाली, "तानू, माळावर आज पुढं कोण हाय?"

"कोण नाय," मी म्हटलं. "तू उठलीस की जाऊ."

"असं नसतंय गं. गवत कुणासाठी थांबत न्हाई..."

दुसऱ्या दिवशी ती गेली. इगतपुरीहून पाळक आले, लाइनीवरचे दोन ख्रिस्ती गँगमन आले. तिनं सांगून ठेवलं होतं की मला माळाजवळच ठेवा. पण आमच्या गावची माणसं वडाखाली जमली आणि माझाच चुलता, धोंडूकाका, म्हणाला, "वाघोबापुढं कधी वाकली नाय ती. त्यानंच नेली तिला. आता तिची माती त्याच्याच माळाला लावायची?" पाळक खाली बघत होते. तेव्हा गंगूआक्का उठली. "वाघोबानं नेली म्हणतोस, मग इतकी वर्सं तो काय झोपला होता? माझ्या वरकशीत खणा. वाघोबाला काय सांगायचं ते मी सांगीन."

तिनं असं का म्हणावं, हे कळायला मागं जावं लागेल. कारण राहेलबायला पहिल्यांदा विरोध केला तो गंगूआक्कानंच.

राहेलबाय मूळची नगरकडची. नवरा रेल्वेच्या लाइनीवर गँगमन होता, तो गेल्यावर क्वार्टर गेलं, पण ती परत गेली नाही. आमच्याबरोबर गवत कापू लागली. आमच्या भागातलं गवत खर्डीच्या वखारीत दाबून, गठ्ठे बांधून मालगाडीनं मुंबईला जायचं, तिथल्या तबेल्यांना. आधीचा मुकादम झाडाखाली बसून बायांच्या नावानं ओरडायचा. तो गेला आणि वखारवाल्या शेठनं राहेलबायला नेमलं, कारण ती उत्तर द्यायला घाबरत नसे आणि तिचा भारा कधी हलका भरत नसे. पण आमच्यात रीत अशी की दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, माळाच्या तोंडाशी असलेल्या वाघोबाच्या शेंदऱ्या दगडापुढं नारळ फोडायचा आणि मगच गवतात विळा घालायचा. माणसाइतकं उंच गवत. आत जनावर असतं, वाघरू असतं. नारळ गंगूआक्का फोडायची, तिच्या सासूपासूनचा तो मान. पण पहिला हात जोडायचा तो मुकादमानं. आणि राहेलबाय म्हणाली, मी जोडणार न्हाई.

"मग आमी तुझ्यामागं गवतात कशा शिरू?" गंगूआक्कानं विचारलं. "तुझ्यापायी आमाला खाईल तो."

"तुमी नारळ फोडा, हात जोडा. तवर तुमची पोरं मी धरते. आन् गवतात आधी मी शिरते. खायचंच असलं तर आधी मला खाईल."

"तुला खाऊन त्याचं पोट भरायचं नाय," मागून कुणीतरी म्हणालं. खरंच ती काडीसारखी होती. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग तिनं दोन्ही काखांत दोन पोरं घेतली आणि आमचं होईपर्यंत बाजूला उभी राहिली. पोरं परत दिली, काठी घेतली आणि गवत बडवत आत शिरली. तो पुढचा पट्टा तिनं कुणाला कधी दिला नाही. दरवर्षी, रोज सकाळी, आधी ती. हात-दोन हात पुढं काठी आपटत, तोंडानं हळू काहीतरी म्हणत. प्रार्थना असावी. मी तिच्या मागं असायचे, तिसरीतून शाळा सुटलेली पोर. दुपारच्या सावलीत ती मला तिचं शुभवर्तमान वाचायला लावायची, डोळ्यांना बारीक अक्षर लागत नाही म्हणून. आई एकदा येऊन भांडली, "माझी पोर बाटवतेस काय गो?" तर म्हणाली, "वाचून कोण बाटतंय? तसं असतं तर तुमचा मास्तर आधी बाटला असता." आज मला चार ओळी लिहिता येतात त्या त्या दुपारांमुळे. चुकल्या असतील तर माझी चूक, तिची नाही.

तिला फक्त आमच्याच लोकांनी छळलं असं नाही. पाळक महिन्याकाठी यायचे. एकदा माझ्यासमोर ते तिला म्हणाले, "राहेलबाई, दगडापुढं पूजा चालते आणि तुम्ही पोरं सांभाळत उभ्या राहता. म्हणजे तुमची संमतीच झाली. त्यांना खरं काय ते सांगा, नाहीतर ही मुकादमी सोडा. दोन्ही चालणार नाही." तिनं त्यांना चहा दिला. मग म्हणाली, "हात जोडत न्हाई, हे प्रभूला दिसतंय. पोरं धरते, हेही दिसतंय. मुकादमी सोडली तर पुढं कोण जाईल, पाळकसाहेब? तुमी येता?" पाळकांनी कप खाली ठेवला. मग तीच हळू म्हणाली, "मी त्याच्या मागं हाय, म्हणून यांच्या पुढं जायला जमतं. एवढंच मला कळतं." पुढं कितीतरी दिवस तिला मंडळीत, म्हणजे त्यांच्या देवळात, प्रभुभोजनाची भाकर मिळाली नाही. ती तरी इगतपुरीला जायची, मागच्या बाकावर बसायची, परत यायची. मी विचारलं, कशाला जातेस मग? तर म्हणाली, "घर माझंच हाय. जेवायला बोलावलं न्हाई म्हणून घर सोडायचं?"

लढाईच्या दिवसांत लष्कराच्या जनावरांसाठी गवताची मागणी वाढली. शेठ म्हणाला, नाल्यापलीकडचं गवतही कापा. त्याच आठवड्यात पलीकडं कुणाचं तरी वासरू वाघरानं नेलं होतं. बाया थबकल्या. शेठ राहेलबायला म्हणाला, "तू म्हणालीस की जातील. तुझ्या शब्दावर चालतात." ती म्हणाली, "आधी मी बघून येते." एकटीच नाला उतरली. काठीचा आवाज येत राहिला, मग थांबला... गंगूआक्कानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. राहेलबाय परत आली ती अंगभर घाम घेऊन. "आत अर्धं खाल्लेलं वासरू हाय. ओलं हाय. तिकडं कापायचं न्हाई."

शेठ हसला. "एवढा देव देव करतेस आणि तुझा देव वाघराला भितो?"

"देव भीत न्हाई, शेठ. मी भिते. आन् या पोराबाळांच्या बाया हायेत."

"मग तुझी मुकादमी संपली. दुसरी बघतो." त्यानं गंगूआक्काकडं बोट केलं. "तू हो पुढं. तू तर वाघोबाची पुजारीण."

गंगूआक्कानं विळा जमिनीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी बसली. "वाघोबाची म्हणूनच तर. त्याच्या जेवणात हात घालायचा नाय, येवढं मला ठावं. आन् ती नाय तर आमी नाय." मग एकेक विळा खाली आला. माझाही. आम्ही उन्हात बसून राहिलो आणि राहेलबाय एकटी उभी, तिला बसावं की काय ते कळेना. शेठ शिव्या देत वखारीत गेला. दुपारी त्याचा माणूस आला, म्हणाला, अलीकडचंच कापा, तीच मुकादमीण राहू दे.

वाघोबानं नेली असं जे म्हणतात त्यांनी त्या नाल्यापलीकडं कोण गेलं होतं ते आठवावं. वाघराला ती तिथं सापडली होती, हाताच्या अंतरावर, एकटी. त्यानं हात लावला नाही. तिला डासानं मारलं, हिवतापानं मारलं. आमच्यात दर घरात एकजण त्यानं गेला आहे. ते सगळे काय वाघोबाला वाकत नव्हते? मला भीती वाटते हे लिहायला, चुलत्याच्या कानावर जाईल. पण खोटं माझ्या गप्प बसण्यानं वाढलेलं मला चालणार नाही. तिचा धर्म आमच्यात कुणी घेतला नाही. तिनं कुणाला घ्यायला लावला नाही. तरी इतक्या जणी तिच्या मागं चालल्या. कशामुळे, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

माती झाल्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही माळावर गेलो. सगळ्या जणी गवताच्या कडेला येऊन थांबल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं थांबल्या... पुढं काठीचा आवाज व्हायची वाट बघत. दव निथळत होतं. मग गंगूआक्कानं पदर खोचला, एक वाळकं लाकूड उचललं आणि गवत बडवत आत गेली.

मी भुसावळला परत आल्यावर भावाचा निरोप आला. पाड्यानं ठरवलंय की गंगूआक्कानं माळाला ख्रिस्ती माती लावली, तेव्हा पुढच्या वाघबारशीला नारळाचा मान तिचा नाही. सासूपासूनचा मान.

आक्का, तुला वाचता येत नाही, भाऊ वाचून दाखवील. हा लेख वाचणाऱ्या सगळ्यांदेखत सांगते, पुढल्या वाघबारशीला मी येणार. नवऱ्याला रेल्वेतून पास मिळाला तर पासावर, नाहीतर कशीही. शेंदऱ्या दगडापुढं, सगळ्या गावासमोर, नारळ मी तुझ्याच हातात देईन. धोंडूकाका आडवा आला तर आधी माझ्या अंगावर येईल. तू जे केलंस ते कधीतरी फेडीन, आक्का. सुरुवात तिथून करते.