आधी पोहे

माझी शुगर तपासायला लॅबमधली मुलगी हर्सूलकडून स्कूटीवर येते. दारातूनच विचारते, "काका, काही खाल्लं नाय ना?"

दंडाला पट्टा आवळते, शीर चाचपते. तिच्या बडबडीत रक्त कधी काढलं ते कळतच नाही.

एकदा मी कुरकुरलो, "उपाशीपोटी जीव नकोसा होतो गं!"

ती खळखळून हसली. "लहानपणी आमचं अख्खं घर रोज टेस्टला तयारच ऱ्हायचं, काका! मग वस्तीत एक संस्था आली. तिथं आधी पोहे, मग शिकवणी. मी नुसती पोह्यांसाठी गेले अन् लॅबचा कोर्स करून बसले."

सामान आवरलं तरी ती निघत नाही. बायको पोह्यांची बशी आणते. पहिला घास माझ्या तोंडात गेला, की मगच ती हेल्मेट चढवते.