पावसात भाजलेला राब

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात आमचे हे कारगिलला होते आणि मी सासरी, बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या अंगाला. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. मी उल्हासनगरच्या बाजारात वाढलेली. कापडाचा भाव करायला सांगा, सिंधी दुकानदाराला घाम फोडीन. पण भातशेतीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

सासऱ्यांना लिहिता येत नसे. दर रविवारी ते ओट्यावर बसून सांगायचे आणि मी निळ्या अंतर्देशीय पत्रावर उतरवायचे. पत्र कसलं, नुसता शेताचा पाढा! कुठला बांध फुटला, कुठली गाय गाभण राहिली. "बाबा, तब्येतीचं विचारा की," मी म्हणायचे. "शेताचं कळलं की त्याची तब्येत बरी राहते. तू लिही," म्हणून मलाच गप्प करायचे.

मे महिन्यात मी माहेरी गेले आणि चार दिवसांत निरोप आला, सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आलाय. धावत आले, तर उजवं अंग लुळं आणि वाचा गेलेली. यांना कळवायला पत्र काढलं, तशी बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात सोडेनात. मी "बरं, नाही कळवत" म्हटलं तेव्हा कुठे सोडला.

मग काय, बाबांच्या नावाने मीच लिहायला लागले. भीती एकच. यांना कळलं तर तिथे लक्ष उडेल, आणि तिथे लक्ष उडालं तर माणूस परत येत नाही. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा मी झोकात लिहिलं, 'पाऊस छान झाला. दोन दिवसांत राब भाजून घेतो.' राब हा शब्द ओट्यावर शंभरदा ऐकला होता. वाचून दाखवलं तर बाबा डाव्या हाताने जोरजोरात खुणा करायला लागले. मला वाटलं, खूश झालेत. पत्र टाकून मोकळी झाले.

आठवड्याने चुलतदिरांना सहज विचारलं, तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो वहिनी, राब उन्हाळ्यात भाजतात! शेण, पालापाचोळा पसरून वाफा जाळायचा, मग पावसात त्यात भात पेरायचं. चिखलात काय भाजणार?" माझ्या पायाखालची जमीनच सरकली. शेतकऱ्याचा मुलगा एका ओळीत ओळखणार.

पण यांचं उत्तर नेहमीसारखंच आलं. 'मी मजेत. जेवण उत्तम. बाबांना सांग, राब नीट भाजा.' म्हटलं, सुटले बाई, यांच्या काही लक्षात आलं नाही.

दिवाळीत हे सुट्टीवर आले, धडधाकट. सामानात एक छोटी डायरी होती. मी न विचारता उघडली. बायकोने विचारायचं काय असतं? त्यात 'मजेत' कुठेच नव्हतं. 'मोजे तीन दिवस ओले. चहाला बर्फ वितळवला.' 'शेजारच्या बंकरमधला गेला. त्याच्या घरचं पत्र आज आलं.' पुढचं पान होतं, 'बाबांचं पत्र. पावसात राब भाजणार म्हणे. हे बाबांचं नाही. त्यांना काहीतरी झालंय आणि वेडी लपवतेय. पण ते गेले असते तर त्यांच्या नावाने लिहायला हिचा हात धजला नसता. म्हणजे आहेत.' त्यानंतर दर पत्राला एकच ओळ होती. 'पत्र आलं. बाबा आहेत.'

मी ओट्यावर जाऊन बाबांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी रडत होते आणि ते अर्ध्या तोंडाने हसत होते.

हे परत ड्युटीवर गेले. बाबांना हळूहळू वाचा येत गेली. एप्रिलमध्ये ते काठी टेकत बांधावर आले आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. त्या रविवारी एकेका शब्दाला दम खात त्यांनी पत्र सांगितलं, "राब... भाजला. सूनबाईने. उन्हात." मी लिहिलं. खाली त्यांनी आपला डावा अंगठा शाईत बुडवून दाबला.