मांडवातलं विद्यापीठ

पालघर जिल्ह्यात ज्या लग्नाला माझे मामेसासरे हजर नव्हते, ते लग्न झालं असं मी तरी मानायला तयार नाही. सरकारदरबारी नोंद असेल, पुढे मुलंबाळंही झाली असतील, तो भाग वेगळा. डहाणूपासून एडवणपर्यंत कुठेही मांडवाचा पहिला बांबू रोवला, की उमरोळीच्या आपल्या वाडीत चिकूच्या झाडाखाली बसलेल्या या माणसाच्या नाकपुड्या फुलतात. आमंत्रण ही त्यांच्या लेखी फारच किरकोळ बाब. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं आणि चेहऱ्यावर ‘एवढा उशीर कुणी केला?’ असा भाव. वरपक्षाला वाटतं वधूचे चुलते, वधूपक्षाला वाटतं वराचे थोरले काका. एका लग्नात तर भटजींनी त्यांच्या हातात अंतरपाटाचं एक टोक दिलं आणि यांनी तो शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत असा काही धरला की वधूच्या सख्ख्या मामाला हिरमुसून खुर्चीत बसावं लागलं.

पण जेवणासाठी ते जातात असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. जेवायची त्यांना शुद्ध नसते. ते जातात आमदारांना भेटायला.

त्याचं असं आहे. आमच्या बोईसर-तारापूरला रसायनशास्त्र नाकाने शिकता येतं. वारा फिरला की शाळेत न गेलेलं पोरही सांगतं, आज काय शिजतंय. मामांची एकुलती एक लेक हेमा याच हवेत वाढली, बी.एस्सी. झाली आणि एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सांडपाणी तपासायला लागली. तिला पुढे त्याच विषयात एम.एस्सी. करायचं होतं, म्हणजे बिघडलेलं पाणी सुधारायचं कसं ते शिकायचं होतं. तिला हवा तसा अभ्यासक्रम पुण्याला होता. दुसऱ्या कुठल्याही बापाने मुलीला पुण्याच्या एसटीत बसवलं असतं, नाहीतर ‘पुरे झालं शिक्षण’ म्हणून मोकळा झाला असता. मामांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. ते म्हणाले, “पोर कशाला पुन्याला जाते? जिल्ह्याला सोताचं सरकारी विद्यापीठ पायजे. तेच हिकडं आनू.”

मामी तेव्हा तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “वाडीत नळ आनता नाय आला. विद्यापीठ आनतात!”

मामांनी सुरुवात रीतसरच केली. आमदारांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. फोन केला. साहेब मीटिंगमध्ये होते. पुन्हा केला. साहेब दौऱ्यावर होते. प्रत्यक्ष कार्यालयात गेले, तर पीए म्हणाले, साहेब आत्ताच एका लग्नाला गेले. झालं! न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडलं तेव्हा त्याचा चेहरा जसा झाला असेल, तसा चेहरा घेऊन मामा घरी आले. मला म्हणाले, “जावईबापू, पत्र धाडलं तं पीए वाचतो. फोन केला तं पीए उचलतो. पन लग्नाच्या फोटोला पीए उभा राहत नाय!”

इथून पुढे जे घडलं त्यात मी चवीपुरतं मीठ घातलंय, पण भाजी मामांचीच आहे. त्यांचा सिद्धांत असा, की लोकप्रतिनिधी हा वाऱ्यासारखा असतो, हातात येत नाही. फक्त एका जागी तो खांबासारखा स्थिर होतो. स्टेजवर नवरा-नवरीच्या शेजारी उभा राहिला आणि फोटोग्राफर ओरडला, “साहेब, इकडे बघा, हलू नका!” की मग विधानसभा विसर्जित झाली तरी त्याला हलता येत नाही. फोटोग्राफर लेन्स बदलतो, नवरीच्या आत्याला थोडं डावीकडे सरकवतो, हार सरळ करतो. तेवढा वेळ मामांचा. ते बरोबर साहेबांच्या शेजारी घुसलेले असतात आणि फोटो बिघडू नये म्हणून ओठ न हलवता, दात दिसतील इतपत हसत, आपली मागणी मांडतात. “साएब, उंरोळीचा अतदार आय. इद्यापीठाचा प्रश्न अदिवेशनात इचारा.”

साहेबही हसतच उत्तर देतात, कारण त्यांनाही फोटोत चांगलं दिसायचं असतं. “बघतो आमा, बघतो.”

आज या जिल्ह्यात असा लग्नाचा अल्बम नाही, ज्यात साहेबांच्या उजव्या हाताला दाढ दुखत असल्यासारखा हसणारा एक अनोळखी म्हातारा नाही. नव्या सुना सासरच्या माणसांची ओळख करून घेताना विचारतात, “हे कोण?” सासवा सांगतात, “हे नं? हे विद्यापीठवाले. सगळ्यांकडेच असतात.”

हळूहळू त्यांनी आम्हा नातेवाइकांचीही शिकवणी सुरू केली. आमदाराकडे जाताना एकच मागणी न्यायची. रस्ता, गटार, पुतण्याची बदली आणि विद्यापीठ अशी भेळ केली, तर साहेब कुरमुरे खातात आणि उठतात. आपलं गाव आधी सांगायचं, म्हणजे त्यांना मत दिसतं. ‘काहीतरी करा’ म्हणायचं नाही, काय करायचं तेच सांगायचं. प्रश्न मांडा, मंत्र्यांना भेटा, आम्हाला सोबत न्या. सत्तेतल्याला सांगायचं, विरोधातल्याला तर अगोदर सांगायचं, कारण त्याच्याकडे वेळ असतो. आणि शिव्या द्यायच्या नाहीत. “शिवी दिली तं तो ऐकतो पन लक्षात शिवीच ठेवतो,” हे मामांचं वाक्य मी माझ्या ऑफिसातही वापरतो. पदवीधरांचा वेगळा आमदार असतो आणि त्याला मत द्यायला नाव नोंदवावं लागतं, हे कळल्यावर त्यांनी गावोगावच्या पदवीधरांना झोपेतून उठवून नावं नोंदवायला लावली. मी स्वतः त्यातला एक. पदवीचं प्रमाणपत्र शोधायला मला माळ्यावर चढवलं आणि ते सापडेपर्यंत खाली शिडी धरून उभे राहिले. शिडी धरली होती, की मी पळू नये म्हणून अडवली होती, ते मात्र अजून कळलेलं नाही.

सगळ्यांनी एकच भाषण पाठ करायला मात्र त्यांची सक्त मनाई. ज्याने त्याने आपलं सांगावं. मुरबे गावच्या एका मासळीवाल्या मावशींना त्यांनी हळदीच्या मांडवात साहेबांसमोर उभं केलं. बँजो थांबला त्या क्षणी मावशी कडाडल्या, “दादा, माजी पोरगी कालेजात पयली येते. बोंबील सुकवून शिकवली मी तिला. आता तिला लांब धाडली तं बोंबील कोन उलटनार, तुमी?” साहेबांनी त्या दिवशी प्रथमच मामांच्या दिशेने जरा भीतीने पाहिलं.

गफलतीही झाल्या. बोईसरच्या एका हॉलमध्ये परीटघडीचे पांढरे कपडे, सोन्याचं घड्याळ, मागे चार माणसं, असा एक रुबाबदार गृहस्थ दिसला. मामांना वाटलं, शेजारच्या मतदारसंघाचे नवे आमदार. त्यांनी त्यांना खांबापाशी गाठलं आणि हेमाच्या बी.एस्सी.पासून राज्याच्या उच्च शिक्षणापर्यंत सगळं ऐकवलं. गृहस्थांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “अंकल, मैं तो केटरिंगवाला हूँ. लेकिन बात आपकी सौ टका सही है.”

दुसरा असता तर शरमेने निघून गेला असता. मामांनी विचार केला, हा माणूस आपल्यापेक्षा जास्त लग्नांना जातो! त्या दिवसापासून मामांच्या सांगण्यावरून त्या केटररने आपल्या सगळ्या वाढप्यांना कामाला लावलं. जिल्ह्यात कुठल्याही पक्षाचा पुढारी पंगतीला बसो, रबडीचा पहिला चमचा तोंडात गेला की मागून आवाज येई, “और लीजिए साब. वो युनिव्हर्सिटी का क्या हुआ?” पुढाऱ्यांनी गोड खाणं सोडलं. काहींची साखर त्यामुळेच आटोक्यात आली असं डॉक्टर म्हणतात. निदान मी तरी तसं सांगत फिरतो.

या सगळ्यात वर्षं गेली. हेमा कारखान्यात पाळ्या करत राहिली, पाण्याचे नमुने तपासत राहिली. कधी विचारलं, तर हसून म्हणायची, “बाबा आनतायत नं विद्यापीठ.” ते हसणं अलीकडे जरा पातळ झालं होतं. मग तिचं लग्न ठरलं. मुलगा एडवणचा, पानवेलींचा बागायतदार, स्वभावाने पानासारखाच थंड.

उमरोळीला मांडव उभा राहिला. आमदारसाहेब आले. या वेळी त्यांना खरोखरचं आमंत्रण होतं आणि मामांना स्टेजवर उभं राहायला पहिल्यांदाच कायदेशीर कारण होतं. फोटोग्राफर ओरडला, “हलू नका!” साहेब सवयीने स्थिर झाले, सवयीने मामांकडे कान झुकवला. आणि मामांनी काय करावं? लेकीकडे एकदा पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

साहेबच चक्रावले. “मामा, आज विद्यापीठ नाही?”

“आज नको, साहेब,” मामा कसेबसे म्हणाले. “आज पोरगी चाललीय.”

तेव्हा नवरीने मुंडावळ्या कानामागे सारल्या, फोटोग्राफरला हाताने थांबवलं आणि निवेदकाचा माईक घेतला. “साहेब, पत्रिकेत आहेर नको असं छापलंय. मला पायजे. येत्या अधिवेशनात प्रश्न विचारा. बाबांनी तुमाला दुसऱ्यांच्या लग्नात विचारलं, मी माझ्या लग्नात विचारते. सगळ्या मांडवासमोर हो म्हना.”

आधी तो केटरर टाळ्या वाजवायला लागला, त्याचे वाढपी वाजवायला लागले, आणि साहेबांना ‘हो’ म्हणावंच लागलं. तेही ओठ हलवून.

साहेबांनी शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. प्रश्न विचारला गेला. मामांनी तो मोबाइलवर वाडीतल्या झाडून सगळ्यांना दाखवला. मंत्र्यांचं उत्तर आलं, ‘प्रस्ताव तपासून पाहण्यात येईल.’ मामांनी पेढे वाटले. मामी म्हणाल्या, “तपासनार म्हनाले, देनार नाय म्हनाले.” मामा म्हणाले, “सोयरीक पन आधी बघायलाच येते नं!”

हेमाला मात्र त्या उत्तराचा अर्थ बरोबर कळला. रोज पाण्याचे नमुने बघून तिला गढूळ काय ते पहिल्या नजरेत दिसतं. ती वाट पाहत बसली नाही. नवऱ्याशी बोलून तिने पुण्याला प्रवेश घेतला, वसतिगृहात खोली घेतली. नवरा म्हणाला, “दोन वर्षांचा काय तो प्रश्न, पानवेलीला तेवढा दम लागतोच.” आम्ही सगळे तिला पालघरच्या एसटी स्टँडवर सोडायला गेलो. मामांनी चिकूची एवढी मोठी पेटी दिली होती की कंडक्टरने तिचं तिकीट काढा म्हणून हुज्जत घातली.

गाडी गेली. मामी आणि हेमाचा नवरा चहाच्या टपरीकडे वळले. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याची दगदग संपली. म्हटलं, “मामा, आता विद्यापीठाचं टेन्शन नाही तुम्हाला. हेमाचं काम झालं.”

“झालं कुठं?” ते गाडी गेली त्या दिशेलाच पाहत होते. “आता तं पायजेच. ती शिकल, मोठी होईल, मास्तरीन होईल. मग तिला शिकवायला हिकडं जागा नको? पुन्याला नोकरी लागली तं ती परत कशाला येल?”

“येईल हो मामा.”

“येल,” ते म्हणाले. “पाहुनी म्हनून येल.”

मामांनी उपरणं झटकून खांद्यावर नीट घेतलं. त्या संध्याकाळी पालघरला कुणाचंतरी लग्न होतं. नवरा-नवरीची नावं आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. मी घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्यांच्याबरोबर निघालो.