टँकरच्या पाण्याची सुई

डॉक्टरांनी सुई हातात घेतली की ती घटना मला आजही आठवते आणि माझा दंड आपोआप आखडतो. दुष्काळाचं वर्ष होतं. मी भूम भागात फौजदार होतो.

एका सकाळी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई ठाण्यात आल्या. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावरची एक गरोदर बाई तापानं फणफणली होती, कमरेला भलं मोठं गळू. "साहेब, कुणीतरी सुई टोचलीय. काय टोचलंय ते कळल्याशिवाय डॉक्टर दुसरं औषध द्यायला धजत नाहीत. दोन जीव हायत."

कामावर गेलो, तर कुणी तोंड उघडेना. एक म्हातारी उलट माझ्यावरच उखडली, "तुमच्या दवाखान्यात नुसत्या गोळ्या देत्यात. सुई देत न्हाय त्यो कसला डाक्टर?" बोलताना तिची नजर मात्र सारखी मुकादमाच्या तंबूकडं जात होती. माणूस तोंडाला कुलूप लावतो, डोळ्यांना लावायचं विसरतो. तंबूत सुया टोचणारा त्यांचा 'डॉक्टर' बॅगेसकट सापडला.

ठाण्यात त्यानं ऐटीत नोंदणीचं प्रमाणपत्र पुढं केलं. त्यावरच्या जन्मतारखेनं वय सत्तर भरत होतं आणि समोरचा गडी पस्तिशीचा! एका मयत डॉक्टरांचा हा कंपाउंडर, प्रमाणपत्र त्यांचंच. त्या काळी नोंदवहीत चढलेलं नाव माणूस गेला तरी कुणी खोडत नसे. पण औषधाचं विचारलं की एकच उत्तर, "ताकदीचं हाय."

मी बाही वर सारली. "मग मलाबी द्या. लई दमलोय."

त्यानं बाटलीतून सुई भरली. दंडाजवळ आणलेली सुई त्यानं मागं घेतली.

"नको साहेब. औषध कवाच संपलंय. टँकरचं पाणी हाय त्ये."

पंचनामा बाजूला ठेवून मी आधी जीप दवाखान्याकडं पिटाळली. त्यानं टोचलीच असती तर, असं बायको अजून विचारते.

बाई वाचली. पोटातलं मूलही वाचलं. हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं. पण बरी झाल्यावर ती ठाण्यात येऊन विचारते काय, "आमच्या डाक्टरला कवा सोडता?"

"अगं बाई, मेली असतीस की!"

"व्हय. पर त्यो तंबूत येत हुता. तुमचा दवाखाना चार कोस."

नोंदवह्या तपासाव्यात, असा अहवाल मी वर पाठवला, त्यात नर्सबाईंना कामावर पाठवावं हेही लिहिलं. नोंदणीचे नियम कडक व्हायला वर्षं गेली. नर्सबाई मात्र लगेच जाऊ लागल्या. तिथंच चूल मांडून, सगळ्यांदेखत सुया उकळायच्या.

काही महिन्यांनी मी तिकडून जात होतो. तीच बाई लेकराला लस टोचायला रांगेत उभी होती. नंबर आला तसं तिनं लेकरू छातीशी घट्ट धरलं आणि दरडावून विचारलं, "बाई, सुई उकळली न्हवं?"

नर्सबाईंनी झाकण उचलून दाखवलं. तेव्हा कुठं तिनं लेकरू पुढं केलं.